दोनच्या ठोक्याची डोकेदुखी

छावणीतल्या अन्सार नानवाल्याचं डोकं दरसाल होळीच्या सुमारास दुखायला लागायचं, तेही दुपारी दोनच्या ठोक्याला. साधंसुधं नव्हे हो! उजव्या डोळ्यामागं कुणी तापली सळई फिरवतंय असं व्हायचं, त्या डोळ्याला धार लागायची, अन् हा भला माणूस मागच्या खोलीत जाऊन भिंतीवर डोकं आपटायचा. तासाभरानं पुन्हा ठणठणीत. महिना-दीड महिना हा छळ, मग वर्षभर सुटी. लोक म्हणायचे, भट्टीचा धूर बाधतो. धूर काय घड्याळ बघून बाधतो? डॉक्टरीणबाईंनी नाव सांगितलं, क्लस्टर डोकेदुखी.

यंदा दुखणं उपटलं तेव्हा लेकीचं, अजराचं लग्न पंधरा दिवसांवर होतं. निकाह सकाळी, जेवणं दोनला. अन् लेकीच्या लग्नाचे नान स्वतःच्या हातानं लावायचे, हे अन्सारनं ती पाळण्यात असतानाच ठरवलेलं.

त्याचा दोस्त सांडू, मूळचा पिशोरचा, एसटीत कंडक्टर. त्यालाही हेच दुखणं. दवाखान्याच्या बाकड्यावरच दोघांची गट्टी जमलेली. सांडूला गेल्या साली गोळ्यांनी तीन दिवसांत आराम पडला होता. उरलेल्या गोळ्या त्यानं रुमालात बांधून आणल्या. दोस्तीत औषधही उसनं चालतं, अशी या दोन शहाण्यांची समजूत. अन्सारचं डोकं दुखायचं थांबलं खरं, पण गोळ्या स्टेरॉइडच्या अन् त्याला आधीच मधुमेह; साखर साडेतीनशेवर गेली अन् झोप उडाली.

डॉक्टरीणबाईंनी त्या गोळ्या थांबवल्या अन् दोघांनाही फैलावर घेतलं. मग नीट समजावलं. दुखणं रोखायला रोज घ्यायची जी गोळी असते, तिचा गुण यायला दोन-तीन आठवडे लागतात. तोवर निभावायला दोन तात्पुरते उपाय. स्टेरॉइडच्या गोळ्या लवकर लागू पडतात, पण साखर चढवतात, अन् कमी करत नेल्या की दुखणं परतू शकतं. दुसरा उपाय म्हणजे मानेमागं इंजेक्शन. औषध त्याच जातीचं, पण साखरेला त्रास कमी. गुण यायला काही दिवस जातात, अन् प्रत्येकाला येतोच असंही नाही.

"सांडूला मानवलं ते तुम्हाला मानवेलच, असं कुणी सांगितलं?" बाईंनी विचारलं.

रोज धगधगत्या तंदुरात हात घालणारा अन्सार सुईला मात्र लई भ्यायचा. सांडूनं त्याचे दोन्ही हात धरून ठेवले तेव्हा कुठं इंजेक्शन झालं. गोळ्या सुटल्यावर दुखणं परतलं होतं, ते पुढं चार दिवस चालूच राहिलं. मग जरा उणावलं. पण लग्नाच्या दिवसाची खात्री कोण देणार?

लग्नाच्या दिवशी नटूनथटून बसलेल्या अजराचं सारं ध्यान घड्याळात. दोन वाजले तशी ती बायकांतून उठली अन् थेट मागच्या खोलीकडं धावली. दार ढकललं तर खोली रिकामी. तशीच ती मांडवाच्या कडेला लावलेल्या भट्टीवर गेली. अब्बा घामानं निथळत नान लावत होता अन् सांडूची टर उडवत होता.

"अब्बा, सव्वादोन झाले," ती म्हणाली.

"झाले व्हय? मला पत्ताच नाय, बेटा."

अजरानं त्याला मिठी मारली, भरजरी कपड्यांना पीठ लागलं तरी सोडेना, अन् भरल्या मांडवात पोरगी हमसून रडली. लहानपणापासून दरसाल त्या दुखण्याच्या दिवसांत रोज दोनला ती त्या खोलीच्या दाराबाहेर कानांत बोटं घालून बसायची.