पाकातला टूटू

आमचं घर तीन पिढ्या बेंबळीत साखरेच्या गाठी करतंय. पण साखर अंगावर घालून स्टेजवर चढायचा मान पहिल्यांदा माझ्या पुतणीला मिळाला. मिळवून दिला मी.

पुतणी म्हणजे ऋतुजा, सातवीत आहे. तिला मोबाइलवर बघून बघून बॅलेचं वेड लागलं. पायाच्या बोटांवर उभं राहून नाचणाऱ्या त्या परदेशी बायका आणि त्यांच्या कमरेभोवती आडवा, ताठ पसरलेला तो जाळीचा झगा, म्हणजे टूटू... पोरगी पार खुळी झाली! नुसती नाचली असती तर भागलं असतं. हिला त्याचा इतिहासही पाठ! जेवायला बसलं की सुरू.

"काका, तुम्हाला माहितीय का? आधी हे झगे पायघोळ असायचे. मग एका बाईनं तिचा जरा आखूड केला. का? तर पायाचं काम लोकांना दिसावं म्हणून! लई बोंब झाली तेव्हा."

माझा थोरला भाऊ, म्हणजे तिचा बाप, भाकरी मोडत म्हणाला, "हितं बी व्हईल."

शेवटी दादानं अट घातली. धाराशिवच्या तिच्या शाळेत गॅदरिंग होतं, तिथं नाचून दाखवायचं. "लोकं हसली न्हाईत, तर उन्हाळ्यात पुण्याला शिबिराला धाडतो. पर एक जरी माणूस हसला ना, तर हे खूळ बंद! पुन्हा नाव काढायचं न्हाय." दादा बोलला म्हणजे बोलला. (त्यानं एकदा चहा सोडला, तर त्याच्यासमोर चहा प्यायची आमची अजून छाती होत नाही.) त्या रात्री पोरगी धड जेवली नाही.

वहिनीनं पांढरी जाळी आणून थरावर थर शिवले. पण टूटू काही ताठ उभा राहीना. भिजलेल्या कोंबडीसारखा लोंबायचा! ऋतुजा आरशासमोर रडकुंडीला आली. "आई, असं घालून गेले तर सगळे हसतील गं!"

"कांजी करू," वहिनी म्हणाली.

इथं माझ्यातला कारागीर जागा झाला. "कांजी? गाठ्या करणाऱ्याच्या घरात कांजी? वहिनी, लाज आणता का?"

गॅदरिंग यंदा लांबत लांबत पाडव्याच्या तोंडावर आलेलं, आमची भट्टी जोरात. साच्यात दोऱ्यावर पाक ओतला की तो वाळून कसा पांढराशुभ्र, कडक होतो, हे मला कुणी शिकवायला नको! मी टूटू पाकात बुडवला, निथळला, पालथ्या टोपल्यावर पसरून वाळवला. सकाळी टिचकी मारली. टक्! असा ताठ, असा चकचकीत, की त्यावर तांदूळ निवडावेत.

"काका! लई भारी!" ऋतुजानं उडीच मारली. मी मिशीवर हात फिरवला.

दादा आणि वहिनी मोटरसायकलनं पुढं गेले. मी आणि ऋतुजा एसटीनं निघालो, तर टूटू दारातून आत जाईना. आडवा केला, उभा केला, तिरका केला.

"काय हाय हे? टीव्हीची छत्री?" कंडक्टर ओरडला.

"झगा हाय!"

"मग घाला की!"

शेवटी आत घुसलो आणि मी तो दोन्ही हातांनी डोक्यावर धरून उभा राहिलो. वाटेत गाडीनं खड्डा घेतला, टूटूचा काठ कडकन मोडला आणि तुकडा शेजारच्या म्हातारीच्या मांडीवर पडला. तिनं उचलला, बघितला, सरळ तोंडात टाकला.

"गोड हाय की रं!" ती म्हणाली. मी टूटू आणखी उंच धरला.

शाळेत पोचल्यावर मी टूटू लिंबाखालच्या बाकावर ठेवला आणि ऋतुजाच्या केसांना पिना लावायला मदत करत बसलो. वळून बघतो तर पांढरा टूटू काळा! मुंगळे! खोडावरून रांगच्या रांग उतरत होती, जणू गावजेवणाचं आवतण गेलंय. मी झटकले, फुंकले, टूटू छातीशी धरून गदागदा हलवला. चार खाली पडले की आठ वर चढत होते. तिकडं माइकवर पुढच्या नाचाचं नाव पुकारलं. त्यानंतर हिचाच नंबर!

"काका, आता?" तिनं माझी बाही धरली.

"घाबरू नको. हळद! हळदीला मुंग्या येत न्हाईत." समोरच्या किराणा दुकानातून हळदीचा पुडा आणला आणि सगळा उधळला. थोडे मुंगळे गेले, हे खरं. पण टूटू पिवळाधमक झाला! नवरीला हळद लावताना पाय घसरून ती परातीत बसली असावी, असा.

मला रडूच यायला लागलं. "ऋतू, पोरी, वाटोळं केलं गं मी."

ती टूटूकडं बघत राहिली. मग डोळे पुसून म्हणाली, "काका, पूर्वी स्टेजवर ज्योतीचे दिवे असायचे. झगे पेटू नयेत म्हणून औषधाच्या पाण्यात बुडवायचे, तर ते असेच पिवळे आणि कडक व्हायचे. बऱ्याच जणी नको म्हणायच्या. एक बाई तर जळून मेली बिचारी. मला नुसते मुंगळेच चावणारेत. बांधा मागून!"

मी नाडी बांधली. मग स्टेजच्या कडेला, निवेदनाच्या माइकपाशी जाऊन उभा राहिलो.

पडदा उघडला. पुढच्या रांगेत दादा, हाताची घडी, कपाळावर आठ्या. मैदान चिडीचूप. ऋतुजा अनवाणीच टाचा उचलून उभी राहिली आणि नाचायला लागली. काय सांगू! पोरगी पिसासारखी फिरत होती. मुंगळा चावला की उडी आणखी उंच! दिव्यांच्या उष्णतेनं आणि घामानं पाक पाझरायला लागला. तिनं हात झग्यावर टेकवला, तो चिकटला! पण ती थांबली नाही. एक हात कमरेवर तसाच ठेवून गोल फिरली, फिरता फिरताच झटका देऊन सोडवला. लोकांना वाटलं नाच असाच असतो. कुणी हसलं नाही. एकजण सुद्धा नाही!

आणि नेमका तेव्हाच माझ्या सदऱ्यात मुंगळा चालायला लागला.

टूटू छातीशी धरून झटकला होता ना मी! एक बगलेत, एक पाठीवर, एक बेंबीकडं. मला आधीच गुदगुल्या फार. न्हाव्यानं मानेला वस्तरा लावला तरी मी खिदळतो. ओठ चावले, सदरा आवळला, देवाचं नाव घेतलं. पण बगलेतला वळला, आणि "हीऽहीऽहीऽ!" निवेदनाचा माइक माझ्या तोंडापाशीच होता, चालू! सगळ्या मैदानावर माझं खिदळणं घुमलं. दचकून मागं सरलो, तर वायरीत पाय अडकला आणि सदरा ओढत, बगला खाजवत मी थेट स्टेजच्या मधोमध!

मैदान फुटलं. लोकं पोट धरून हसली. हेडमास्तर हसले, वहिनी पदरात तोंड घालून हसली. ऋतुजा मात्र नाच पुरा करून वाकली, तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. पुण्याचं शिबिर मीच बुडवलं होतं.

दादा सावकाश उठला, स्टेजजवळ आला. मी हात जोडले. "दादा, पोरीचा काय गुन्हा न्हाय..."

"दिसलं मला," तो म्हणाला. "लोकं तुला हसली. तिला न्हाय." मग पोरीकडं बघून म्हणाला, "ऋतू, पुण्याला जायचं हाय तुला. चपला घाल आधी."

ऋतुजा रडत रडत बापाला बिलगली. (तोही चिकटला. सदरा सोडवायला पाणी शिंपडावं लागलं.) घरी निघताना मी तिला हळूच विचारलं, "रागावलीस व्हय गं माझ्यावर?"

"न्हाई काका," ती गंभीरपणे म्हणाली. "सुरुवातीला बॅलेत मोठ्या स्टेजवर पुरुषच नाचायचे. बायका मागनं आल्या. त्यांना का बोलवावं लागलं, ते मला कुठल्याच व्हिडिओत मिळत नव्हतं." तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "आज मिळालं!"