दमट हवेत बंद पडणारी टॅक्सी
मामाचं घर टॅक्सीवर चालतं. हवा दमट झाली की ती जुनी गाडी भर रस्त्यात बंद पडते आणि गिऱ्हाईक शिव्या घालत उतरतं. गॅरेजात नेली की मात्र एकदम शहाणी! मिस्त्री मामाला म्हणाला, "गाडी ठणठणीत आहे, तुम्हालाच भास होतात."

माझं डोकंच सटकलं. मामीची इस्त्रीची फवाऱ्याची बाटली आणली आणि गॅरेजातच चालू इंजिनच्या वायरींवर फवारा मारला. गाडी लगेच गचकली. मिस्त्रीने प्लगांना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं. त्याला केसाएवढी चीर होती, ओल धरली की करंट तिथूनच पळायचा.

"मग बदला की!" मी म्हटलं.

"हे झाकण आता बनतच नाही रे."

मामाने बॉनेट हळूच लावलं. "चल, ऊन आहे तोवर एखादं भाडं मिळेल."

आता भांडायचं तरी कोणाशी?