फिरवलेला प्याला

मला एका जागी फार वेळ बसवत नाही, उपासनेत तर नाहीच. प्रवचन वीस मिनिटांच्या पुढे गेलं की माझा उजवा पाय आपोआप हलायला लागतो. मग शेजारी बसलेली आई माझ्या गुडघ्यावर हात ठेवायची. ठेवायची म्हणजे चांगला दाबायची. ‘ही पायाला भिंगरी बांधूनच जन्माला आली,’ असं ती सगळ्यांना सांगत असे. त्यात तक्रार किती आणि कौतुक किती, ते मला कधी कळलं नाही.

आमचं चर्च औरंगाबादच्या छावणीत. निजामाच्या राज्यातल्या पोलीस ॲक्शननंतरच्या उन्हाळ्यात आईवडील गाव सोडून इथं आले, तेव्हा मी अंगावर पिणारी होते. गावातच बाप्तिस्मा झालेला, त्यामुळे छावणीत आल्या आल्या आमचं कुटुंब मंडळीत दाखल झालं आणि सगळ्यात मागच्या बाकावर बसलं. पुढची तीस वर्षं आम्ही तिथंच बसत होतो. बाक कुणी कुणाला नेमून दिलेले नव्हते. पण पुढे बसायची ती तीन-तीन पिढ्यांची ख्रिस्ती घराणी, नगर-पुण्याकडची, चिकलठाण्याच्या कारखान्यांत हुद्द्यावर असलेली. मध्ये दक्षिणेकडून आलेल्या नर्सबाया आणि त्यांची कुटुंबं, मराठी गीतं इंग्रजी अक्षरांत लिहून आणणारी. आणि मागे आम्ही, गावकुसाबाहेरच्या वस्त्यांतून आलेले. ‘आपण सगळे एक आहोत’ असं पाळकसाहेब दर रविवारी म्हणत आणि आम्ही सगळे मान हलवून आपापल्या बाकावर बसत. मला त्याचा लहानपणापासून राग यायचा. आईला यायचा नाही. ती म्हणायची, बाक येगळं असलं तर असूं दे, प्याला तर मागपोतर येतो ना.

प्याला म्हणजे प्रभुभोजनाचा. महिन्याच्या पहिल्या रविवारी भाकर आणि द्राक्षरस. भाकर म्हणायचं, असायचे ते पावाचे तुकडे. रस काळ्या मनुका उकळून केलेला. सगळ्या मंडळीला मिळून दोन कानांचा एक मोठा प्याला होता, चांदीचा मुलामा उडालेला. तो पहिल्या बाकापासून हातोहात मागे यायचा. आमच्यापर्यंत येईतो तळाशी घोट-दोन घोट उरायचे. आई तो दोन्ही हातांनी धरायची, डोळे मिटायची आणि एवढ्याशा घोटाला इतका वेळ लावायची की माझा पाय पुन्हा हलायला लागायचा.

आम्ही छावणीत आल्याला तीस वर्षं झाली, त्या वर्षी ईस्टरच्या आधी चर्चला चुना लावायला घेतला. बाक बाहेर अंगणात गेले आणि आत सतरंज्या अंथरल्या. जागा मिळेल तसे लोक बसले. माझ्या एका बाजूला आई, आणि आईच्या पलीकडे पहिल्या बाकावरच्या एक बाई येऊन टेकल्या. त्या राहायला मुकुंदवाडीला, नवरा कारखान्यात मोठा साहेब. कडक इस्त्रीची साडी, सतरंजीवर बसताना निऱ्या सांभाळता सांभाळता त्यांची पुरेवाट झालेली. मला हसू आलं होतं. एकदाचे सगळे सरमिसळ बसले म्हणून मी खूशही होते.

प्याला आईकडे आला. आई प्याली आणि तिनं तो त्या बाईंच्या हातात दिला. बाईंनी तो घेतला, आणि ओठाला लावायच्या आधी सावकाश अर्धा फिरवला. आईचे ओठ लागले होते ती कड पलीकडे गेली. मग त्या प्याल्या.

दुसऱ्या कुणाच्या लक्षातही आलं नसेल. माझ्या आलं. माझे कान तापले. शेवटचं गीत कोणतं झालं ते मला आठवत नाही. घरी येताना आईला विचारलं, ‘पाहिलंस ना?’ ती म्हणाली, ‘काय ते?’ मी झपाझप पुढे चालायला लागले.

बोलायला हवं होतं. मला बोलायला येत नाही असं थोडंच आहे? मी शाळेत शिकवते, चाळीस पोरं माझ्या आवाजाला घाबरतात. शिवाय मंडळीच्या पंच कमिटीवर निवडून आलेली मी पहिली बाई. पण ‘तुम्ही माझ्या आईचं उष्टं टाळलंत’ हे वाक्य चारचौघांत म्हणायचं तर आधी आपण कोण, कुठले, हे म्हणावं लागतं. ते मला नको होतं. म्हणून मी दुसरीच वाट धरली. पुढच्या बैठकीत उभी राहून मी जंतूंवर भाषण दिलं. सर्दी, खोकला, कावीळ, सगळं सांगितलं. एका प्याल्यातून दीडशे माणसं पितात, हे आजच्या काळात शोभतं का, असं विचारलं. प्रत्येकाला वेगळा इवला पेला द्यावा, असा ठराव मांडला. मनात एकच होतं: घ्या, आता कुणाला कुणाची कड फिरवायला नको.

ठराव सहज मंजूर झाला. नर्सबायांनी तर टाळ्या वाजवल्या. शहागंजच्या बाजारातून मीच काचेचे पेले निवडून आणले, औषधाच्या मापाएवढे, आणि सुताराकडून भोकं पाडलेला लाकडी ट्रे करून घेतला. त्या मुकुंदवाडीच्या बाईंनी बाहेर अंगणात माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, ‘फार बरं केलंत हो तुम्ही.’ मी मांडलेला डाव त्यांच्याच सोयीचा झाला होता.

पुढच्या पहिल्या रविवारी ट्रे फिरत फिरत आमच्या बाकावर आला. मी माझा पेला उचलला. आईनं ट्रे धरला, त्याच्याकडे नीट पाहिलं आणि काही न घेता शेजारच्या माणसाकडे दिला.

मला वाटलं, म्हातारीच्या लक्षात आलं नाही. पण पुढच्या महिन्यातही तेच, आणि त्याच्या पुढच्याही. भाकर घ्यायची, पेला नाही. आमच्यात प्रभुभोजन नाकारणं ही साधी गोष्ट नाही. कुणाशी भांडण असेल, मनात पाप सलत असेल, तरच माणूस हात मागे घेतो. लोक कुजबुजायला लागले, म्हातारीचं कुणाशी बिनसलंय? काहींनी तर माझ्याकडे पाहायला सुरुवात केली. पाळकसाहेब घरी येऊन बसले. आईनं त्यांना चहा दिला आणि ‘पोट बरं नाय साहेब’ एवढंच सांगितलं. चार महिने कुणाचं पोट पहिल्याच रविवारी बिघडतं का?

त्यात तिचा दमा वाढत होता. साठी उलटलेली. दोन गल्ल्या चालल्या की दम लागायचा, तरी चर्चला यायची आणि ट्रे पुढे सरकवायची. आणखी किती पहिले रविवार तिच्या वाट्याला आहेत, याचा हिशेब माझ्या मनात नकळत सुरू झाला. ती प्याल्याशिवाय गेली तर? मला भीती वाटायला लागली. भीती वाटली की मी चिडते.

‘घेत का नाहीस तू?’ एका सकाळी मी विचारलंच. ती सुपात तूरडाळ निवडत होती.

‘मला नगं तो येगळा कप.’

‘अगं, सगळ्यांनाच वेगळे आहेत!’

‘व्हय. म्हनूनच नगं.’

तिनं सूप खाली ठेवलं. ‘गावात नाक्यावर हाटेल व्हतं. आपल्या लोकायला आत जायचं नाय. बाहेर खुट्टीला एक कप टांगलेला ऱ्हायचा, कान तुटका. आपुनच काढायचा, आपुनच धुवायचा, परत टांगायचा. चहा तो वरून वतायचा. पानी तर कपात बी नाय, ओंजळीत.’

हे मी पहिल्यांदा ऐकत होते. तीस वर्षांत तिनं किंवा वडिलांनी या कपाचा शब्द काढला नव्हता. मी बसल्या जागची हलले नाही.

‘इथं छावणीत आलो, तवा पयल्या रविवारी तो प्याला फिरत फिरत माझ्याकडं आला. माझ्या आधी मुलींच्या शाळंच्या मास्तरीणबाई पेल्या व्हत्या. म्या ओंजळ केली. मला वाटलं, वरून वततील. तवाच्या पाळकसाहेबानं माझे हात सोडवले आन् प्याला हातात देला. त्या दिवशी मला पटलं, हितं ऱ्हायचं.’ तिला खोकला आला. तो थांबल्यावर ती म्हणाली, ‘आन् आता तूच मला माझा कप आनून देलास.’

मला इतकी शरम वाटली की मी उठून बाहेर गेले. शहागंजात उभी राहून मी ते पेले एकेक उजेडात धरून पाहिले होते, तडा तर नाही ना म्हणून.

त्याच दिवशी मी पाळकसाहेबांकडे गेले. जुना प्याला परत काढा म्हटलं. ते म्हणाले, ‘ठराव तुमचाच होता बाई. वार्षिक सभेशिवाय कसा फिरवणार? आणि लोक खूश आहेत.’ वार्षिक सभेला सात महिने होते.

तिथून तडक मी मुकुंदवाडीची बस पकडली. बसमध्ये सगळी भाषणं तयार केली. त्या बाईंनी दार उघडलं, पाणी दिलं, आणि मी घोटही न घेता विचारलं, ‘ईस्टरच्या आधी तुम्ही प्याला फिरवलात. माझ्या आईनंतर. का?’

त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. नाही म्हणतील असं मला वाटलं होतं. पण त्या म्हणाल्या, ‘फिरवला. मी नेहमीच फिरवते. मला उष्टं चालत नाही, कुणाचंच. यांच्या कपातला चहासुद्धा मी घेत नाही. आमच्या आजीचं तसं होतं, आईचं तसं होतं. ख्रिस्ती होऊन तीन पिढ्या झाल्या, पण हे काही सुटलं नाही.’ मग जरा थांबून म्हणाल्या, ‘पण तुमच्या आईनंतर जरा जास्त फिरवला असेल. खोटं कशाला बोलू?’

भांडायला आलेल्या माणसाला खरं बोलणारं माणूस भेटलं की मोठी पंचाईत होते. माझी सगळी भाषणं वाया गेली. मग मी जे कधीच कुणाला सांगितलं नव्हतं, ते सांगितलं. आमची वस्ती, आणि सकाळीच ऐकलेली हॉटेलाची खुंटी, कान तुटलेला कप, ओंजळ, सगळं. आई चार महिने पीत नाही हेही. त्या ऐकत होत्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत.

‘तुम्ही तिच्याशी बोला,’ मी म्हटलं.

‘काय बोलू? मला जमेल असं वाटत नाही,’ त्या म्हणाल्या.

मी चिडूनच परतले. रात्री नीट झोपले नाही, आणि पुढचे आठ दिवस शाळेत पोरांवर उगाच खेकसत राहिले.

मग पहिला रविवार आला. गीत सुरू झालं होतं, तेव्हा त्या बाई आल्या. पहिल्या बाकावर त्यांचा नवरा जागा धरून बसलेला. त्या त्याच्या बाजूनं न जाता मधल्या वाटेनं सरळ मागे आल्या आणि आईच्या पलीकडे बसल्या. नवऱ्यानं मान वळवून पाहिलं. अख्ख्या चर्चनं पाहिलं. आईनं थोडं सरकून जागा केली, बस्स. माझा पाय हलायला लागला.

भाकर झाली. ट्रे आला. मी माझा पेला घेतला. आईनं नेहमीसारखा ट्रे पुढे सरकवला. बाईंनी त्यातला एक पेला उचलला आणि ट्रे पुढे दिला. पाळकसाहेब म्हणाले, घ्या, प्या. सगळ्यांचे हात तोंडाकडे गेले. बाईंनी आपला पेला आईसमोर धरला.

‘आधी तुम्ही, मावशी,’ त्या म्हणाल्या.

आईनं पेल्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. तिनं तो एवढासा पेला दोन्ही हातांनी घेतला, डोळे मिटले, अर्धा प्याली आणि परत दिला.

बाईंनी तो घेतला. आणि त्यांच्या बोटांनी, जन्माची सवय, पेला हळूच फिरवला.

मी उठणारच होते. खरंच, अर्धी उठलेही होते. पण आईनं ते पाहिलं होतं. ती त्यांच्याकडे थोडी कलली आणि दबक्या आवाजात म्हणाली, निदान तिला तो दबका वाटला असावा, कारण पुढच्या तीन बाकांना तो ऐकू गेला, ‘फिरवा बाई, फिरवा. पन प्या.’

बाईंनी डोळे घट्ट मिटले, लहान मूल कडू औषध घेतं तसे, आणि प्याल्या. पेला रिकामा झाला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी पुसलं नाही. आईनं एक हात त्यांच्या मनगटावर ठेवला आणि दुसरा माझ्या गुडघ्यावर, आणि दाबला.

तोवर सगळ्यांचं पिऊन झालं होतं. पंच रिकामे पेले गोळा करत मागे येत होते. माझा पेला तेवढा माझ्या हातात भरलेला होता. हौसेनं मीच आणलेला. तो मी एकटीनं प्याले.