आत्या मागच्या सीटवर

गेल्या हिवाळ्यात मी पुण्याहून मोटरसायकलवर पालमला गेले, आत्याकडं. गाडी लांबच्या प्रवासाची, उंच, दोन्ही बाजूंना पेट्या लावलेली. आत्या ओट्यावर उन्हात बसली होती. काचबिंदूनं तिची नजर गेली आहे. उजेड-अंधार कळतो, समोर कुणी उभं असलं तर आकार कळतो, बस. ती उठून गाडीपाशी आली, टाकीवरून हात फिरवला, सीट चाचपली आणि म्हणाली, "आगं माय, ही गाडी हाय का म्हैस?"

माझी ही आत्या नर्स होती. सगळी नोकरी तिनं पालम तालुक्यातल्या खेड्यांत काढली. एसटी जात नव्हती त्या गावांना ती मोपेडवर जायची. लोक तिला सिस्टरबाई म्हणत. आम्ही परभणीला राहत होतो, पण उन्हाळ्याच्या सुट्टीत मला पालमलाच जायचं असायचं, कारण आत्या मला लसीकरणाच्या फेरीला सोबत न्यायची. मागं बसून लसीचा निळा डबा मांडीवर धरायचा, एवढंच माझं काम. आत बर्फ असे. वर मे महिन्याचं ऊन, डोकं तापलेलं आणि मांड्या गारठलेल्या. तसं सुख मला नंतर कशातच मिळालं नाही.

रस्ता बिघडला की आत्या मागं न बघता सूचना द्यायची. चढ आला की "पुढं सरक." वाळू लागली की "मागं हो, चाकावर वजन पडू दी." आणि काळ्या मातीचा चिखल आला की एकच शब्द, "उतर." मग ती दोन्ही पाय टेकवत मोपेड पलीकडं न्यायची आणि मी डबा छातीशी धरून, चपला चिखलात हरवत, मागून जायची. कितीदा तरी रडले असेन. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तयार.

तर, मी आले त्याच्या दुसऱ्या दिवशी चहा पिता पिता आत्या म्हणाली, "तुझ्या गाडीवर मला नदीकाठच्या गावाला नेतीस का? दाईला भेटून येऊत."

दाई म्हणजे त्या गावची म्हातारी सुईण. आत्यानं आणि तिनं मिळून कितीतरी बाळंतपणं केली होती. ओढ्याला पाणी आलं की आत्या तिच्याच घरी मुक्काम करायची. नजर गेल्यापासून आत्याचं तिकडं जाणं झालंच नव्हतं.

"आत्या, रिक्षा सांगते ना," मी म्हटलं. "गाडी उंच आहे. तुला बसवणार नाही."

"मोपेडवर जिंदगी गेली मपली. मला बसायचं शिकवतीस व्हय?"

ओट्याच्या कडेला गाडी लावली. तिनं माझ्या खांद्याला धरून पाय टाकला आणि बसली सुद्धा, नीट, मधोमध. मी हेल्मेटचा पट्टा लावून दिला. मग गाडी सुरू करून स्क्रीनवर एका हेल्मेटच्या जागी दोन हेल्मेटचं चित्र निवडलं. मागं माणूस बसलंय हे या गाडीला असं सांगावं लागतं, मग ती मागचा शॉकअप, म्हणजे दणके झेलणारी स्प्रिंग, स्वतःच ताठ करते. सीटखालून मोटरचा बारीक आवाज आला आणि गाडीची पाठ हळूच वर उचलली गेली.

"आगं! खालून काय वाजायलंय? मला उचलायलंय कोण?"

"गाडीच उचलतीय. तुझ्या वजनाचा अंदाज घेतला तिनं."

"बरी हाय की. आमच्या वेळंला पान्यानं पिळावं लागायचं, ते बी गॅरेजवाल्याच्या हातापाया पडून."

पालमच्या बाहेर पडलो. मी गाडीचा मोड साधा, रोडचा ठेवला आणि शॉकअप अगदी मऊ केला. माझ्या मनात होतं की आत्याच्या कंबरेला एकही दणका बसू नये. नवा सिमेंटचा रस्ता होता. दोन्ही बाजूंना हुरड्याला आलेली ज्वारी, मधे मधे करडई, वेचून संपत आलेली कापसाची पऱ्हाटी. गाडी पाण्यावरून गेल्यासारखी चालली होती. मला फार अभिमान वाटत होता.

"बरं वाटतंय ना, आत्या?"

"बरं वाटायलंय. पलंगावर निजल्यागत हाय." मग थोड्या वेळानं म्हणाली, "पण आपण कुठं हाव तेच कळंना गेलंय."

"मी सांगते ना. आता डाव्या हाताला..."

"तू सांगून काय? रस्ता मला मालूम हाय, पोरी. पण तो लागंना."

मी गाडी बाजूला घेतली. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. इतकी वर्षं त्या रस्त्यावरून गेलेल्या बाईला प्रत्येक खड्डा, प्रत्येक चढ अंगानं पाठ होता. डोळे गेल्यावर तेवढंच उरलं होतं, आणि मी बटण दाबून तेही पुसून टाकलं होतं. शॉकअप मऊवरून कडक केला आणि म्हटलं, "आता धरून बस. दणके बसतील."

"बसू दी."

सिमेंट संपून जुनी डांबरी सडक लागली आणि पहिलाच खड्डा आम्हा दोघींच्या मणक्यातून गेला. आत्यानं माझा खांदा दाबला. "हा! हे लिंबाचं वळण." खरंच वळण होतं. कडुलिंब नव्हता, त्याचं खोड होतं. पुढं सलग तीन उंचवटे आले तशी ती म्हणाली, "इथं उजव्या हाताला वीटभट्टी." वीटभट्टी होती. मग ती बोलतच सुटली. इथं एकदा चाक पंक्चर झालं होतं, इथल्या वस्तीवरची माणसं कुत्रं सोडायची, इथं एका बाईनं शेंगांचं गाठोडं बळंच मोपेडला बांधलं होतं. प्रत्येक दणक्याला एक गोष्ट. मी हसत होते आणि मला एकाएकी मांड्यांवर तो गार डबा जाणवला.

"आता उतार. हळू घे, ओढा आला," ती म्हणाली आणि मला घट्ट धरून तिनं अंग मागं रेललं.

उतार आलाच नाही. गाडी सरळ गेली.

"आत्या, इथं पूल झालाय."

"कवा?"

"मला काय माहीत. जुना दिसतोय. कठड्याचा रंगसुद्धा उडालाय."

तिनं थांबायला सांगितलं. उतरून ती कठड्याला हात लावून उभी राहिली. खाली कोरडी वाळू होती, एक बाई शेळ्या चारत होती. "किती रातीला अडकले मी इथं," आत्या म्हणाली. "अलीकडं मी, पलीकडं अडलेली बाई. कंदील घेऊन माणसं उभी राहायची. चांगलं झालं बाई पूल झाला." पण तिचा आवाज जरा पडला होता. आपल्या माघारी रस्ता बदलला आणि आपल्याला कुणी सांगितलंही नाही, असं काहीसं तिला वाटलं असावं. मी तिला घाई केली नाही.

गावाच्या अलीकडं शेवटचा पट्टा अजून कच्चाच होता. कॅनॉलचं पाणी फुटून रस्त्यावर आलं होतं आणि काळी माती लोण्यासारखी झाली होती. मी पावसाचा मोड लावला. त्यात मूठ कितीही पिळली तरी ताकद बेतानं येते, चाक एकदम फिरत नाही. तरी दहा-बारा हात गेल्यावर मागचं चाक बाजूला सरकलं, स्क्रीनवर चाक घसरल्याचा पिवळा दिवा लुकलुकला. मी कशीबशी गाडी सावरून थांबले.

"उतर, आत्या," मी म्हटलं.

ती इतकी हसली, इतकी हसली की उतरता उतरता माझ्या पाठीवर डोकं टेकवून हसत राहिली. मी तिला बांधावर उभी केली, गाडी गवताच्या कडेनं पाय टेकवत पलीकडं नेली आणि परत येऊन तिचा हात धरला. आम्ही दोघी चिखलातून चालत गेलो, ती चपला हातात घेऊन.

दाई घरीच होती. आत्याहून कितीतरी म्हातारी, वाकलेली, पण नजर शाबूत. अंगणात तिच्या सुनेनं हुरडा भाजायला घेतला होता. दाईनं आत्याला बघितलं आणि नुसतं "सिस्टरबाई" म्हणून दोन्ही हातांनी तिचं तोंड कुरवाळलं. मग माझ्याकडं वळली.

"ही कोण?"

"भावाची पोरगी. डबा धरून यायची ती."

"ती रडकी? हिनं आणली तुमाला? एवढ्या मोठ्या गाडीवर?"

हुरडा होईपर्यंत दोघी बोलत बसल्या. कोण गेलं, कोणाला नातू झाला. मग आत्या उठून चाचपत गाडीपाशी गेली. मी नीट बघितलं, तिचा हात हँडलवर होता. नुसता होता, ती काही करत नव्हती.

मी गाडी डबल स्टँडवर घेतली, न्यूट्रल आहे ना ते दोनदा तपासलं आणि तिला पुढच्या सीटवर बसवलं. इंजिन सुरू केलं. "पीळ," मी म्हटलं. तिनं मूठ जराशी पिळली. गाडी हुंकारली. अंगणातल्या कोंबड्या पळाल्या. तिनं अजून पिळली. हेल्मेट नव्हतं, पदर खांद्यावरून सरकला होता, तोंड समोर करून ती ताठ बसली होती, जणू पुढं रस्ता आहे आणि कुणीतरी वाट बघतंय.

"सिस्टरबाई," दाई ओट्यावरून ओरडली, "मला टाकून कुठं निघाल्या?"

"तुमाला टाकून कशी जाईन, मावशी? या, बसा मागं!"

दाई खरोखरच काठी टेकत उठली. सून "आत्याबाई, हुरडा गार व्हायलाय" असं सासूला म्हणत राहिली, पण तिच्याकडं कुणाचंच लक्ष नव्हतं.