पान शून्यवरची म्हैस

एक ओळ मी खोडली. हात लागून नव्हे, गडबडीत नव्हे. दोनदा वाचली, माउसने निवडली, निळी झाली आणि डिलीट दाबलं. सकाळचे दहा वाजले होते, खाली भाजीवाला ओरडत होता आणि मी पूर्ण शुद्धीत होतो. हे आजपर्यंत कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, वडिलांना नाही, आणि ज्या बाईंची ती ओळ होती त्यांना तर मुळीच नाही. त्यांना मी वेगळंच सांगितलं.

गंमत अशी, की त्या ओळीपायी आमच्या घरात गेल्या वर्षभरात जितकं हसणं झालं तितकं आधीच्या दहा वर्षांत झालं नसेल. रडण्याची गोष्ट असती तर मी ती कधीच सांगून मोकळा झालो असतो.

आमचं घर पंचवटीतलं, तीर्थोपाध्यायांचं. रामकुंडावर आलेला यात्रेकरू आधी गाव सांगतो, मग आडनाव, आणि वडील कपाटातून नेमकी वही काढतात. त्या वहीत त्याच्या पणजोबाच्या हातचं अक्षर असतं. कोण आलं, कधी आलं, भाऊ किती, मुलगे किती. आलेला माणूस त्याखाली आपली पिढी लिहितो, सही करतो, आणि पुष्कळदा डोळे पुसतो. अशा चौऱ्याण्णव वह्या आहेत. कुठलं गाव कुठल्या वहीत, ते फक्त वडिलांच्या डोक्यात.

या कामात त्यांचा एकच कायदा आहे. वहीत खोडायचं नाही. चुकीचं लिहिलं गेलं तर ते तसंच ठेवायचं आणि पुढे लिहायचं, की हे चुकलं, खरं असं आहे. लहानपणी एका पानावर माझ्याकडून शाई सांडली. मी घाबरून तो डाग ब्लेडने खरवडून काढला. मार बसला नाही. बाबांनी त्या जागेशेजारी फक्त लिहिलं, ‘येथे चिरंजीवांनी खरवडले’, आणि खाली तारीख घातली. ते अजून आहे. ओळखीच्या यात्रेकरूंना ते कौतुकाने दाखवतात.

मी त्यांच्या गादीवर बसलो नाही. अंबडच्या एका कारखान्यात मशिनं चालवणारे प्रोग्राम लिहितो, आणि उरलेल्या वेळात कॉम्प्युटरविषयी मतं मांडतो. एरवी चार वाक्यं सलग न बोलणारा मी या विषयावर थांबत नाही, असं मित्र म्हणतात. मतं अशी. पैसे भरून घेतलेलं सॉफ्टवेअर आपलं होत नाही. ती भाड्याची खोली असते आणि घरमालक वाटेल तेव्हा कुलूप बदलतो. दर वर्षी वर्गणी मागणाऱ्या प्रोग्रामपेक्षा गणपती मंडळ परवडलं, ते निदान प्रसाद देतं. ‘मी सहमत आहे’ या चौकटीवर टिक करणाऱ्यांपैकी कुणीही वरचा मजकूर वाचलेला नसतो. मी वाचतो. सगळा. आणि सगळ्यांत चांगलं सॉफ्टवेअर ते, ज्याचा कोड उघडा ठेवलेला असतो. कुणीही वाचावा, वापरावा, बदलावा, पुढे द्यावा. गेली अठरा वर्षं माझ्या लॅपटॉपवर चोरीचा एकही प्रोग्राम नाही.

बायकोने एकदा मैत्रिणीकडून फोटो सुधारायचा क्रॅक केलेला प्रोग्राम आणला, तेव्हा मी तिला अर्धा तास ऐकवलं. आम्ही कॉलेजात एका वर्गात होतो, त्यामुळे ती मला फारशी भीत नाही.

“झालं?” ती म्हणाली. “आता तुझ्या त्या सोवळ्यातल्या प्रोग्राममधून भाचीच्या लग्नातल्या फोटोतला हा मागचा माणूस काढून दे.”

दोन तास लागले. माणूस निघाला, पण त्याचा एक हात नवरीच्या खांद्यावर राहिला तो राहिलाच. भाचीकडे तो फोटो फ्रेम करून लावलाय.

तर वडिलांना मोतीबिंदूनंतर बारीक अक्षर दिसेना, म्हणून मी वह्यांसाठी प्रोग्राम शोधायला लागलो. इंटरनेटवर एक सापडला. सटाण्याकडच्या एका खेड्यातल्या शाळेतल्या बाईंनी, शाळेच्या जुन्या जनरल रजिस्टरसाठी, लिहिलेला. दाखल्यासाठी म्हातारी माणसं शाळेत यायची आणि रजिस्टरं उलथीपालथी करण्यात दिवस जायचा. बाईंनी सुटीत पुस्तकं वाचून प्रोग्रामिंग शिकून हे केलं होतं. गाव टाका, आडनाव टाका, कितवं रजिस्टर आणि कितवं पान ते समोर. आमच्या वह्यांना हवं होतं तेच. कोड इतका स्वच्छ की मी तो खिचडी खात खात वाचला. पहिल्या पडद्यावर तळाशी एकच ओळ होती: ‘हा प्रोग्राम अमुक बाईंनी लिहिला. वापरा, बदला, वाटा. एवढं नाव पुढे जाऊ द्या.’

परवाना म्हणतात तो एवढाच. मी आयुष्यात वाचलेल्या शेकडो परवान्यांत इतका छोटा आणि इतका शहाणा दुसरा नाही. रविवारच्या मिसळीला मित्रांना तो पाठ म्हणून दाखवला होता.

तीन महिने खपून मी तो वह्यांना बसता केला. पानांचे फोटो काढले, गावं भरली, अक्षर मोठं केलं. आणि ज्या रविवारी बाबांना दाखवायचं, त्या सकाळी ती ओळ खोडली. ओळ जागा खाते, असं स्वतःला सांगितलं. तिथे आमच्या घराण्याचं नाव टाकलं.

बाबा आले, खुर्चीत बसले. मी एक गाव टाकलं, आणि त्यांच्या आजोबांच्या अक्षरातलं पान पडदाभर उघडलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“हे सगळं तू केलंस?”

कारखान्यात नोकरी धरल्यापासून माझ्या कामाबद्दल त्यांनी मला एकच प्रश्न विचारला होता, तिथे जेवायची सोय आहे का. हा दुसरा.

“हो,” मी म्हणालो.

त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात कितीतरी वेळ तिथे होता. मला वाटतं मी तेवढ्यासाठीच ती ओळ खोडली होती, फक्त खोडताना मला ते ठाऊक नव्हतं. किंवा होतं.

मग बाबांनी गावभर सांगितलं. आणखी अकरा उपाध्याय घरांनी प्रोग्राम मागितला. मी तो दिला, बाईंच्या नावाशिवाय. सगळे जमले, मला शाल आणि नारळ दिला. नारळाची बर्फी झाली. शाल कपाटात गेली. मी ती एकदाही अंगावर घेतली नाही.

पिंपळगावला बायकोच्या माहेरी द्राक्षबाग आहे. छाटणीनंतर शेजारचे लोक कलमाच्या काड्या न्यायला येतात. त्या वर्षी तिथे बसून मी सासऱ्यांना समजावत होतो, की काही नव्या जातींना आता परवाना लागतो आणि सॉफ्टवेअरचं अगदी तसंच आहे. ते ऐकत ऐकत काड्यांच्या जुड्या बांधत होते, आणि प्रत्येक जुडी देताना सांगत होते, “ही मूळ उगावच्या पाहुण्यांच्या मळ्यातली हं. माझी नाय.”

बायको चहा देता देता म्हणाली, “बघ, भाषण न करता झालं.”

तिला काहीच माहीत नव्हतं. मी उठून जुड्या बांधू लागलो.

गेल्या हिवाळ्यात सटाण्याकडचे एक शेतकरी काका घरी आले. बरोबर काकू, मुलगा आणि नवी सून. त्र्यंबकला जाऊन आले होते, आणि सुनेचं नाव वहीत घालायचं होतं. बाबा आता सराईतासारखे माउस चालवतात. त्यांनी गाव टाकलं. पडद्यावर पहिली नोंद आली:

‘वही शून्य. पान शून्य. मूळ पुरुष: माहीत नाही. कुटुंबात: मी आणि म्हैस. म्हैस सकाळी चार लिटर.’

बाबांनी ती नोंद अत्यंत गंभीरपणे मोठ्याने वाचली.

काका पुढे वाकले. डोळे बारीक केले. आणि अहिराणीत ओरडले, “हाई ते आमनी मॅडमनी म्हैस शे!”

बाईंनी आपला प्रोग्राम तपासायला ही खोटी नोंद आपल्याच गावाखाली भरून ठेवली होती. वडिलांचं नाव (त्या चौकटीला मीच ‘मूळ पुरुष’ केलं होतं) रिकामं सोडलं तर चालतं का, ते पाहायला. मी ओळ खोडली, पण म्हैस मला दिसलीच नव्हती. ती तीन वर्षं तिथे रवंथ करत उभी होती.

“कोणती म्हैस?” बाबा.

“आहो महाराज, आमच्या शाळेच्या मॅडम! गल्लीत म्हैस फक्त त्यांचीच चार लिटर देते, बाकीच्या लाथा देतात.” काकांनी लगेच फोन लावला, स्पीकरवर. “मॅडम, तुमची म्हैस नाशिकला घावली!”

“माझी म्हैस गोठ्यात आहे, मी आत्ता धार काढून आले.”

“इथं बी हाय. कॉम्प्युटरात. पंचवटीत, महाराजांच्या घरी.”

मग बाई इतक्या हसल्या की फोन घरघरला. “अगं बाई! पोहोचला का माझा प्रोग्राम तिथवर? गोदावरीवर?” नवी सून पदर तोंडाला लावून हसत होती, काकू मांडीवर थाप मारत होत्या, आणि बाबा, जे पूजेच्या जागी हसत नाहीत, तेही.

मग बाई म्हणाल्या, “खाली माझं नाव असेल बघा. दिसतंय का?”

काकांनी पडदा वरून खाली पाहिला. “नाय दिसत, मॅडम.”

सगळे माझ्याकडे वळले.

“मॅडम,” मी फोनजवळ जाऊन म्हणालो, “अपडेट करताना ते चुकून गेलं.”

“जाऊ द्या हो दादा,” त्या म्हणाल्या. “म्हैस आली ना नीट.”

इतक्या सहज त्यांनी सोडून दिलं. पाहुणे गेल्यावर बाबा मला एवढंच म्हणाले, “चुकून?” मी मान डोलावली. त्यांनी पुढे विचारलं नाही. “ओळ परत घाल. आणि मधे ती नव्हती, हेही लिही.”

मी घातली. बाईंचं नाव परत आलं, आणि त्याखाली मी लिहिलं: ‘मध्यंतरी तांत्रिक कारणाने हे नाव दिसत नव्हते.’ बाराही घरी स्वतः जाऊन बसवून आलो. पडदा पाहून सगळे खूश. आता पंचवटीत याला म्हशीचा प्रोग्राम म्हणतात. नवीन कॉम्प्युटर आला की बाबा आधी ते गाव टाकून म्हैस येते का बघतात; म्हैस आली म्हणजे सगळं ठीक. मी ती नोंद काढू का विचारलं तर म्हणाले, “हात लावशील तर.”

आणि बाई आता दर आठवड्याला फोन करतात. मी जे बदल केले होते ते मी त्यांना परत दिले. त्यांनी त्यातल्या अर्ध्यांची पिसं काढली. “दादा, हे फंक्शन तुम्ही लिहिलंय का शिवलंय? किती ठिगळं!” माझ्या वयाच्या माणसाला इतक्या आनंदाने कुणी झापू शकतं, हे मला माहीत नव्हतं. फोन ठेवल्यावर मी गुणगुणतो, असं बायको म्हणते. परवा त्यांनी सगळ्या वह्यांत एकाच वेळी शोधायची सोय करून पाठवली. एका यात्रेकरूला चुकीच्या वहीत गेलेले त्याचे चुलत आजोबा तिच्यामुळे सापडले. त्या दिवशी बाबांनी पेढे वाटले.

परवाच्याच फोनमध्ये मी विचारलं होतं, “मॅडम, परवान्यात फक्त नावच का मागितलंत?”

“बदली झाली की दादा, फळ्यावरचं सगळं पुसून पुढची बाई येते,” त्या म्हणाल्या. “तिचं काही चुकत नाही, फळा तिचाच. पण एक ओळ कुठेतरी न पुसता राहावी, एवढं वाटलं.” आणि लगेच पुढच्या चुकीवर गेल्या. सत्तावन्नावी ओळ म्हणे, कंस उघडा राहिलाय.

मी कंस बंद केला.

‘तांत्रिक कारण’ म्हणजे मी. बाबांच्या वहीत माझं खरवडणं आहे, शेजारी तारीख आहे, आणि लोक त्यावर हसतात. बाईंच्या प्रोग्राममध्ये मात्र मी खरवडलं, आणि शेजारी खोटं लिहून ठेवलं. हा लेख मी आधी बाबांना वाचून दाखवणार आहे आणि मग सटाण्याला जाऊन बाईंना. त्या हसतील की फोन बंद होतील, मला सांगता येत नाही. लेखात त्यांचं नाव घातलेलं नाही, कारण ते इथे घालून मला सुटायचं नाही. ते जिथे हवं तिथे आहे.

माझ्याकडे त्यांचं येणं अजून एवढं आहे: ‘मुद्दाम खोडलं’ हे दोन शब्द, समोर बसून. त्यानंतर बारा घरांतल्या बारा पडद्यांवर ‘तांत्रिक कारणाने’च्या पुढे, खाडाखोड न करता, खरं काय ते, माझ्या नावानिशी. आणि ती शाल.