कुमुदने घेतलेलं नाव

दिल्लीतल्या आमच्या लक्ष्मीबाई नगरात कुमुदशी वाद घालून जिंकलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. भाजीवाला तर तिला लांबून पाहूनच भाव उतरवायचा. आणि एकोणसत्तरच्या संक्रांतीला हीच बाई माफी मागायला निघाली होती.

कारण तिचा नवरा, श्रीरंग. महागाई भडकली तसा सरकारी नोकरांनी आदल्या सप्टेंबरात एक दिवसाचा संप केला. सरकारने वटहुकूम काढून तो बेकायदा ठरवला, पुढे संसदेने तसा कायदाही केला. श्रीरंग तिहारमध्ये जाऊन आला, निलंबित झाला, आणि तेव्हापासून घराबाहेर पडेना. बडतर्फ केलं असतं तर नोकरीबरोबर सरकारी क्वार्टरही गेलं असतं. पदरात दोन मुली होत्या.

महिला मंडळाच्या अध्यक्षा हेमलताबाईंनी तोड काढली. मंडळाच्या हळदीकुंकवाला खासदार सुमित्राताई येणार होत्या. त्यांनी कायद्याच्या बाजूने मत दिलेलं. कुमुदने चारचौघींत 'ह्यांचं चुकलं' एवढंच म्हणायचं, मग ताई मंत्र्यांच्या कानावर घालतील. श्रीरंगही खालमानेने 'म्हणून टाक' म्हणाला होता. मला हेमलताबाईंचा असा संताप आला की त्यांचा तिळगूळ मी हातातही घेतला नाही.

हळदीकुंकू झालं, नावं घेणं सुरू झालं. कोणी नाव घेत असताना मध्ये बोलायचं नाही, ही आपली रीत. कुमुदची पाळी आली. तिने पदर सावरला आणि सरळ सुमित्राताईंकडे बघत म्हणाली,

"दिल्लीत बसून कायदा केला, संपाला ठरवलं गुन्हा,
श्रीरंगरावांचं नाव घेते, संप करतील पुन्हा!"

मी टाळ्या वाजवल्या, एकटीनेच.

"गंमत करतेय हो ती," हेमलताबाई घाईघाईने म्हणाल्या.

"गंमत बिल्कुल नाही," कुमुद म्हणाली.

सुमित्राताई उठून जातील असं वाटलं, पण त्या बसून राहिल्या. "देश अडचणीत असताना सगळेच संपावर गेले, तर आम्ही करायचं तरी काय?"

"आधी समोर बसवून ऐकायचं, ताई. देश अडचणीत आहे हे आम्हाला रेशनच्या रांगेत रोज कळतं. काटकसर करा म्हणालात तर करू, पण तुमच्या बंगल्यांपासून सुरुवात होऊ दे. तुरुंगात टाकायचा वटहुकूम तुम्हाला झटपट काढता येतो. मग बोलणीच तेवढी का रेंगाळतात?"

"घर जाईल गं तुझं."

"जाऊ दे. जे चुकलंच नाही ते चुकलं म्हणणार नाही."

ताई उठल्या. वाण घेतलं आणि गेल्या.

मी कुमुदबरोबर तिच्या घरी आले. श्रीरंग शाल गुंडाळून खाटेवर बसला होता. "म्हणालीस?" त्याने विचारलं. ती माझ्याकडेच बघायला लागली, म्हणून उखाणा मीच म्हणून दाखवला.

तो शाल बाजूला टाकून उठला आणि खुंटीवरचा कोट काढला.

"कुठे निघालात?" कुमुद घाबरलीच.

"युनियनच्या ऑफिसात," बटणं लावत तो म्हणाला. "चारचौघींत नाव घेतलंस ना, आता पुन्हा संप करायलाच हवा."