विसूभटांची शेंडी

"उठा! सगळे पानांवरून उठा! या माणसाला शेंडी नाही!"

असे ओरडत नवऱ्या मुलाचे वडील भरल्या पानावरून उभे राहिले, तेव्हा विसूभट तुपाची तपेली घेऊन वाढायला वाकलेले होते आणि त्यांच्या डोक्याला गुंडाळलेला पंचा व्याह्यांच्या वरणभातात पडलेला होता. शनिवार पेठेत त्या दिवशी यमूचा, विसूभटांच्या नऊ वर्षांच्या लेकीचा, वाङ्निश्चय होता. मी त्यांचा न्हावी, अंगणाच्या कडेला माझ्या पानाची वाट बघत बसलेला. सगळी पंगत आधी त्या डोक्याकडे बघू लागली आणि मग, देवाशपथ, माझ्याकडे.

"शेंडी कोण उतरवतो? एक तर संन्यासी, नाही तर सरकारातून शिक्षा झालेला!" व्याही कडाडले. "संन्याशाला कन्यादान करता येत नाही आणि गुन्हेगाराची मुलगी आम्हाला नको!"

"अहो, रोगाने गेली!" विसूभट गरजले. "केस गेले माझे, कुळ नाही गेलं!"

पण गरजून काय उपयोग? पंगत उठली ती उठलीच. पुरणपोळ्यांची चळत गाईंच्या वाट्याला गेली. विसूभट जाऊन आता किती वर्षे झाली; ती चळत आठवली की माझ्या डोक्यात अजून वस्तरा फिरतो.

कारण त्यांच्या पोळीतून पलीकडचा माणूस दिसे. मी एकदा सूर्यग्रहण पाहिले आहे तिच्यातून. हाडाचा आचारी, मंत्र मात्र संध्येपुरते जेमतेम. आवाज असा, की त्यांनी चुलीपाशी "मीठ!" म्हटले की शनिवारवाड्यावरची कबुतरे उडून पर्वतीवर जाऊन बसत. "खरं बोलायचं नसेल तर माणसाने खोकून घ्यावं," हे त्यांचे ब्रीद. कुणी तोंडदेखली स्तुती करू लागला की, "खोका, राव, खोका," म्हणून मोकळे.

रोग सुरू झाला तो यमू तीन-चार वर्षांची असताना, माझ्या हाताखाली. शेंडीभोवती वस्तरा फिरवताना एके दिवशी खरखर वाजले. बघतो तो प्रत्येक केसाच्या मुळाशी मोहरीएवढा लाल फोड आणि त्याच्या टोकाला काटा. डोके कसले, फणस! त्या फणसाने माझे सात वस्तरे खाल्ले. मग काट्यासकट केस निघू लागले, आणि निघाले तिथली कातडी अशी चकचकीत झाली, की केस उगवायला भोकसुद्धा उरले नाही. काखासुद्धा कोऱ्या झाल्या. वैद्य म्हणाले, "चाई आहे." गुंजांचा लेप दिला, जळवा लावल्या. चाई म्हणे! चाईचे केस बहुधा परत येतात, हे बुधवारातल्या कुठल्याही न्हाव्याला विचारा. पण न्हाव्याला विचारतो कोण?

एका सकाळी शेंडीच माझ्या बोटांत आली. मी रडकुंडीला आलो. विसूभट म्हणाले, "महादू, मेथी नव्हे ती, पुन्हा पेरायला. जा, नदीत सोडून ये." त्या दिवसापासून बायकोच्या सांगण्यावरून ते डोक्याला पंचा गुंडाळू लागले.

पंगत मोडली आणि विसूभट वाळीत पडले. आचाऱ्याच्या हातचे पाणी कुणी घेईना, मग अन्न कोण घेणार? आश्विनात हादग्याच्या फेरात यमूचा हात धरायला एक पोर पुढे आली नाही. ती एकटीच हत्तीच्या चित्राभोवती फिरून घरी आली. व्याही म्हणाले, शास्त्र्यांची सभा सांगेल तसे करू. आणि सभा? एकदा एकादशी आडवी आली, एकदा ग्रहण, एकदा मोठ्या शास्त्रीबुवांचे पोट.

सभा भरली तेव्हा सहा महिने उलटले होते. प्रश्न एकच : शेंडी कुणी उतरवली?

"गळली, महाराज," मी म्हणालो.

"उतरवणारा तसंच म्हणणार."

विसूभटांनी सभेपुढे मान वाकवली. "हात लावून बघा! वस्तरा फिरलेल्या जागी खुंट टोचतात. एक खुंट सापडला तर मला गाढवावर बसवून वेशीबाहेर काढा!"

अकरा विद्वानांचे बावीस हात उपरण्यांत गेले. कुणीतरी "महारोग" असे पुटपुटले. मग माझे टाळके फिरले. मी सभेच्या मधोमध जाऊन तो माथा दोन्ही पंजांनी चोळला आणि हात पसरले. "सहा वर्षं चोळतोय! मोजा बोटं!"

दहा भरली. तेव्हा कुठे मोठे शास्त्रीबुवा उठले, करंगळीचे टोक त्या माथ्याला लावले, आणि तडक नदीवर जाऊन बुडी मारून ओलेत्याने परत आले.

"रोगच आहे," त्यांनी निर्णय दिला. "अशा माणसाने दर्भाची शेंडी करून उजव्या कानावर ठेवावी आणि सर्व कर्मं करावीत. कन्यादानसुद्धा. दोष नाही."

यमूचा नवरा मुलगा आदल्याच आठवड्यात दुसऱ्या मांडवात उभा राहून मोकळा झाला होता.

"हे शास्त्र काल आलं का काशीहून?" विसूभटांनी विचारले. आवाज इतका खाली, की मला वाटले दुसराच कुणी बोलतो आहे.

"छे. फार जुनं आहे."

"आपल्याला ठाऊक होतं?"

"पाठ आहे."

"मग सहा महिने आपण बोलला का नाहीत?"

शास्त्रीबुवांनी ओल्या धोतराचा सोगा पिळला.

"कुणी विचारलं नाही," ते म्हणाले.